सोपानचा पाट

सोपान वाडेकरचा मला हेवा वाटत असे. 'असे' लिहिलं खरं, पण क्रियापद भूतकाळात ढकललं म्हणून भावना भूतकाळात जात नाही. हेवा ही खासगी मालमत्तेच्या पोटी जन्मलेली भावना आहे, असं मी एका पत्रकात लिहिलं होतं आणि ते मला आजही पटतं. पण सोपानकडे मालमत्ता म्हणावी असं होतं तरी काय? दुसऱ्याने वापरून विकलेली एक फटफटी, शर्टाच्या खिशातला कंगवा, आणि समोरच्याला काम टाकून ऐकायला लावणारं हसू. आणि पुढे सुमन. सुमनला मालमत्तेत धरणं हा गुन्हा आहे, म्हणून तिचं नाव मी वेगळ्या वाक्यात घेतो. मला ती हवी होती आणि ती त्याची झाली. एवढं आधीच सांगून टाकलं की पुढचं लिहायला मी मोकळा.

आमची कंपनी चिंचवडला, गाड्यांचे सुटे भाग करणारी. सोपान प्रेस शॉपला, मी तपासणी विभागात. मी वाढलो तो पत्रकांवर. वडील सभेहून घरी आले की त्यांच्या खिशातून घडी घातलेली पत्रकं निघत; मुळाक्षरं संपल्यावर मी पहिल्यांदा सलग वाचलं ते 'बंधूंनो आणि भगिनींनो'. त्यामुळे कंपनीत युनियनची पत्रकं लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. गेटवर मी ती स्वतः वाटत असे. लोक घेत, घडी घालत, आणि बहुतेकांच्या हातून त्यात भजी बांधली जात.

सोपान चाकणच्या पलीकडच्या गावचा. रोज तिथून फटफटीवर येई. गेटवर आला की आधी आरशात बघून केसांतून कंगवा फिरवायचा, मग कार्ड पंच करायचं. उशीर झाला असला तरी आधी कंगवाच. वाचायला त्याला चांगलं येत होतं, पण नोटीस बोर्डासमोर उभा राहून मला हाक मारायचा, "ओ कागदराव, वाचा की जरा."

"तुला येतं ना वाचता?"

"येतंय. पण तुमच्या तोंडून नोटीससुद्धा गोड लागती."

यावर रागवायचं कसं? हीच त्याची चलाखी होती. तो बढाईखोर होता, फुशारक्या मारायचा, आणि त्याचे अंदाज दहात नऊ वेळा चुकायचे. पण चुकला की सगळ्यात मोठ्याने तोच हसायचा. मी बरोबर असायचो, तेव्हा माझ्याबरोबर कोणी हसत नसे.

गेटसमोर कामगारांच्या गाड्या लावायचं मैदान होतं. साहेब लोकांच्या मोटारी आत, सिमेंटवर, पत्र्याच्या छपराखाली. आमचं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात लोणी. सायकलींचं ठीक होतं, त्या कुंपणाला टेकत. फटफट्या तेव्हा थोड्या, आणि त्यांचे हाल वाईट. स्टँडचा बारका पाय चिखलात रुतत जाई, गाडी हळूहळू कलंडत जाई, आणि शिफ्ट सुटेपर्यंत आडवी झालेली असे.

सोपानने यावर प्रयोग सुरू केले. प्रत्येक प्रयोगाआधी जाहीर घोषणा. "आता बघा राव, सूतभर हलायची न्हाई." स्टँडखाली वीट ठेवली, वीट दुभंगली. करवंटी उपडी ठेवली. ती फुटून तिचे तुकडे स्टँडच्या पायाला दागिन्यासारखे अडकले. मग एके दिवशी तो घरचा पाट घेऊन आला. जेवायला बसायचा, सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुल्या ठोकलेला, आईचा पाट. कॅरियरला बांधून आणला, चिखलावर मांडला आणि स्टँडचा पाय त्यावर असा अलगद ठेवला, की बघणाऱ्यांना वाटावं आता हा गाडीच्या कपाळाला कुंकू लावणार.

कोणीतरी ओरडलं, "काय राव, जावई जेवायला आणला का?"

"जावई न्हाई, सून हाय," सोपान म्हणाला. "पहिल्या घरातनं दुसऱ्या घरी आलीय. तिला पाट नको लावायला?"

मैदान हसून लोटपोट झालं. कारण आमच्याकडे पाट म्हणजे बसायचा, आणि पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्नही. पहिलं ते लग्न, दुसरं तो पाट. पाटाला वाजंत्री नाही, पत्रिका नाही, अक्षता वाटणं नाही. तो रात्री लावायचा, घराच्या मागच्या बाजूला. सवाष्णींनी त्याकडे बघायचं नाही, आणि उजाडायच्या आत बाईला तिथून न्यायचं. चोरीचा माल हलवावा तसं.

मी त्या विनोदाचा निषेध करायला तोंड उघडणार, इतक्यात सगळे एकदम गप्प झाले. गेटमधून सुमन बाहेर येत होती.

सुमनचा नवरा आमच्याच कंपनीत फिटर होता. आदल्या वर्षी काविळीने गेला. तिला कँटीनमध्ये काम मिळालं होतं, आणि ती काळेवाडीला सासू-सासऱ्यांकडे राहत होती. तिने शेवटचं वाक्य ऐकलं होतं हे तिच्या चालण्यावरून कळलं. हसणारे सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. सोपानचं तोंड उघडंच राहिलं होतं.

ती फटफटीपाशी थांबली. वाकून पाट बघितला. म्हणाली, "वाडेकर, लाकूड चिखलात कुजतं. आईंचा पाट घरी न्या आणि धुऊन ठेवा. कँटीनमध्ये तडा गेलेला तवा पडलाय, तो देते उद्या."

आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तवा आला. सोपानने तो सुलटा ठेवला, म्हणजे स्टँडचा पाय खोलगट भागात बसून घसरत नसे. चांगला जाड बिडाचा तवा. रुतला म्हणून रुतणार किती? हळूहळू बाकीच्यांनीही पत्र्याचे तुकडे, डब्यांची जाड झाकणं आणायला सुरुवात केली. कोणी नवी फटफटी घेतली की सोपान त्याच्यासाठी भंगारवाल्याकडून काहीतरी शोधून आणायचा. ते काहीही असलं तरी नाव मात्र पाटच राहिलं. शिफ्टला आत जाताना एकमेकांना ओरडून विचारायची पद्धत पडली, "पाट लावला का रे?" "लावला, लावला!" माझ्या इतक्या पत्रकांमधला एकही शब्द त्या गेटवर कोणाच्या तोंडी बसला नाही. त्याचा एक वात्रट विनोद बसला.

सुमन मला 'भाऊ' म्हणायची. सगळ्यांनाच म्हणायची, पण त्याला मात्र 'वाडेकर'. हा फरक माझ्या लक्षात कधी आला ते सांगता येत नाही. आला त्यानंतर एकही दिवस विसरता आला नाही.

मी मुद्दाम सर्वांत शेवटी जेवायला जात असे. एकदा मी तिला माझं पत्रक दिलं. विषय विधवांच्या पुनर्विवाहाचा. मी ते तिच्यासाठी लिहिलं होतं असं म्हणणं खोटं ठरेल. मी ते समाजासाठी लिहिलं होतं आणि तिला दिलं होतं. तिने हात धुतले, पुसले, आणि ओळ न् ओळ वाचलं. इतक्या आदराने माझं लिखाण आजवर कोणी वाचलेलं नाही.

"चांगलं लिहिलंय भाऊ," ती म्हणाली. "इथे लिहिलंय, समाजाने पुढे यावं. म्हणजे कोणी?"

"म्हणजे आपण सगळ्यांनी."

"बरं," ती म्हणाली, आणि तांदूळ निवडायला बसली.

माझं उत्तर चूक होतं असं मला आजही वाटत नाही. आम्ही बौद्ध. ती मावळातल्या मराठ्यांच्या घरची सून. 'कोणी' या प्रश्नाला मी माझं नाव सांगितलं असतं, तर दगड आधी माझ्या दारावर पडले नसते. तिची चूल आणि तिच्या डोक्यावरचं छप्पर आधी गेलं असतं. हा विचार मी तिच्यासाठी केला होता. सोपान त्यांच्याच जातीचा. जे त्याच्यासाठी नुसतं ओढून घेतलेलं दार होतं, ती माझ्यासाठी भिंत होती. लोक धाडसाचं कौतुक करतात तेव्हा समोर दार होतं की भिंत, हे आधी बघत नाहीत.

तरी तो काही करत होता असंही नव्हतं. रोज शिफ्ट सुटल्यावर तवा धुऊन कँटीनच्या खिडकीपाशी वाळत ठेवायचा, दुसऱ्या दिवशी आल्यावर मागून घ्यायचा. पाट चोरीला जाईल, अशी सबब. तडा गेलेला तवा कोण चोरणार?

त्याच पावसाळ्यात गेट मीटिंग झाली. मुख्य भाषण माझं. मी भरपूर तयारी केली होती: नफ्याचं वाटप, कंत्राटी कामगार, आणि तिसऱ्या भागात कामगारांच्या गाड्यांसाठी पक्क्या जागेची मागणी. मी पहिल्या भागाच्या अखेरीस पोचलो होतो. पाऊस थांबून थोडाच वेळ झाला होता. माझ्या उजव्या हाताला फटफट्यांची ओळ उभी होती. टोकाची गाडी एका नव्या माणसाची, त्याने पाट लावला नव्हता. ती सावकाश, अगदी विचार करत, शेजारचीवर कलली. शेजारची पाटावरून सरकून तिच्या शेजारचीवर. मग ओळच्या ओळ, एकमेकींच्या गळ्यात पडल्यासारखी, आडवी झाली.

सभा धावली. माझ्यासमोर मोकळी जमीन उरली.

गाड्या उचलताना सोपान एका सीटवर चढला. हातात त्याचा तो तवा. तवा वर धरून ओरडला, "बघा राव! सायबाच्या मोटारीला सिमेंट, अन् आमच्या गाडीला कँटीनचा तवा! आधी जागा पक्की करा, मग बोला!"

"पक्की करा! पक्की करा!" सगळं मैदान.

हे माझ्या तिसऱ्या भागात होतं. आकड्यांसकट होतं. दिवाळीच्या आत मैदानात मुरूम पडला, रोलर फिरला, आणि त्याला लोक 'सोपानचा मुरूम' म्हणू लागले. सभेनंतर तो माझ्याकडे आला आणि चिखलाचा हात माझ्या पाठीवर ठेवून म्हणाला, "कागदराव, तुमी पेटवलंत म्हणून झालं." त्याला ते खरंच वाटत होतं. ते वाटत नसतं तर मला सोपं गेलं असतं.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. कंगवा खिशात, पण केस विस्कटलेले.

"एक काम हाय. माझ्यासंगं काळेवाडीला येता का? नानांकडं."

नाना म्हणजे सुमनचे सासरे.

"कशाला?"

"सुमनबद्दल बोलायचंय. तिचं न् माझं ठरलंय. आता घरच्यांचं ठरायचंय. माझं बोलणं म्हणजे तुमाला ठाऊक हाय, भलतंच काय तरी निघून जातं. तुमाला रीतसर बोलता येतं."

तिचं न् माझं ठरलंय. हे ठरलं कधी? त्या खिडकीपाशी, तवा देता-घेताना? मी नाही म्हणू शकलो असतो. पण विधवेच्या पुनर्विवाहासाठी शब्द टाका असं कोणी म्हणावं आणि मी नाही म्हणावं, हे माझ्या तत्त्वात बसेना. तत्त्वं माणसाला कुठे कुठे नेतात!

नानांच्या घरी आम्ही घोंगडीवर बसलो. चहा आला. त्याला कपात, मला काचेच्या ग्लासात. मी पाहिलं. सोपानने पाहिलं नाही. त्याचा हेवा वाटण्याची माझी जी कारणं आहेत, त्यांत हे फार वरचं आहे: असं काही बघायची त्याला कधी गरजच पडली नाही.

मी बोललो. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं भाषण. नाना मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पोरगी तरणी हाय, आमी काय जल्माचे पुरणार न्हाई. मला कळतंय. माझी ना न्हाई. पण रीत हाय ती हाय. रात्री मागच्या अंगाला पाट लावा, उजाडायच्या आत घेऊन जा. दिवसा माझ्या दारात ह्ये नको."

मी सोपानकडे बघितलं. गाडीच्या सीटवर चढून कंपनीला ललकारणारा तो माणूस, घोंगडीचा दोरा ओढत बसला होता. म्हणाला, "नाना म्हणत्याल तसं."

खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला.

स्वयंपाकघराच्या दारातून सुमनचा आवाज आला. "वाडेकर."

सोपानने वर बघितलं.

"मी काही चोरलेलं नाही. रात्री न्यायला येणार असाल तर येऊ नका. दिवसा या. सगळ्यांसमोर. नाही जमलं तर मी आहे तिथे बरी आहे."

नानांनी खाकरून बघितलं. सासूने पदर तोंडाला लावला.  सोपान दोरा सोडून ताठ बसला. "दिवसा तर दिवसा. नाना, मारायचं तर मला मारा, पण गुरुवारी सुट्टी हाय कंपनीला, मी दुपारी येणार."

त्यांचं लग्न ठरलं याचा मला त्रास झाला, पण तो मी सहन केला असता. मला आजही टोचतं ते वेगळंच. तिने त्याच्याकडे काही मागितलं. पुरवायला अवघड, अपमान व्हायचा धोका असलेलं, सगळ्या घरादारासमोर मागितलं. तो कच खात असताना मागितलं. माझ्याकडे तिने कधी काहीच मागितलं नाही. 'बरं' म्हणाली होती.

गुरुवारी दुपारी काळेवाडीत नानांच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत पाट लागला. आदल्या रात्री जोराचा पाऊस होऊन गेला होता, पण त्या दिवशी लख्ख ऊन होतं. अर्धी प्रेस शॉप आली होती. सोपानची आई आली नाही. नाना आले, पण मांडवाकडे पाठ करून खुर्चीवर बसले. उठून मात्र गेले नाहीत. शेजारच्या बायका दारं लावून घेणार होत्या. त्यांनी ती अर्धवट लावली आणि फटीतून बघत राहिल्या.

सोपानने फटफटीला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या आणि ती मांडवाच्या कडेला उभी केली होती. हार घालून झाले. टाळ्या वाजत होत्या. एवढ्यात माझं लक्ष गाडीकडे गेलं. स्टँड मातीत उतरत होतं. मी ओरडलो, "सोपान, पाट लावला का?"

सोपानने छाती पुढे काढून उत्तर दिलं, "लावला की! तुमच्या देखत लावला!"

हशा पिकला. "परत सांग, परत!" कोणीतरी म्हणालं.

"पाट लावला का रे?" मी पुन्हा ओरडलो, गाडीकडे बोट दाखवत.

"लावला, लावला! किती येळा सांगू, कागदराव?"

आणि फटफटी माळांसकट चिखलात आडवी झाली.

 दारांच्या फटींतून शब्द आला, "अपशकुन!" सोपानचा चेहरा उतरला. आणि मग सुमन हसली. दाबून नाही, पदर लावून नाही. कमरेवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ती कँटीनमध्ये रुजू झाल्यापासून मी तिला ओळखत होतो, आणि हे हसू मी पहिल्यांदा ऐकलं. तिने हिरवं नेसूचं वर खोचलं, चिखलात उतरली, एका बाजूने हँडल धरलं. "बघता काय वाडेकर, लावा जोर," म्हणाली. दोघांनी मिळून गाडी उभी केली. खुर्चीवर पाठमोरे बसलेल्या नानांचे खांदे हलत होते. ते रडत होते की हसत होते हे मला कळलं नाही, आणि मी समोर जाऊन बघितलंही नाही.

पुढे सोपानने आमची कंपनी सोडली. चाकणच्या बाजूला एका लहान कारखान्यात लागला, सुमनला घेऊन गावी राहायला गेला. आईने वर्षभर तिच्या हातचं खाल्लं नाही, मग खाऊ लागली, असं ऐकलं. त्याच्या जागी गेटवर आता दुसरं कोणी विनोद करतं. माझी पत्रकं चालू आहेत.

गेल्या वर्षी तिथल्या कारखान्यांत पत्रकं वाटायला चाकणला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. कांद्याच्या ढिगांपलीकडे ओळखीचा आवाज ऐकला आणि एका टेम्पोआड थांबलो.

"मी सांगत होते, ओला आहे, घेऊ नका. आठ दिवसांत कोंब फुटतील."

"अगं, आपल्याला कळतं कांद्यातलं."

"काय कळतं? कांदेवाल्याने पाठीवर थाप मारली, 'शेठ' म्हणाला, की घेतलं पोतं!"

"हळू बोल की. लोक बघत्यात."

"बघू द्या!"

सोपान अंगाने सुटला होता, डोक्यावरचे केस मागे सरले होते. सुमनच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं आणि तिचा आवाज चढलेला होता. भरबाजारात, भरदुपारी, कोणाची पर्वा न करता ती दोघं भांडत होती आणि कोणी वळूनही बघत नव्हतं. नवरा-बायकोच ती. मी पुढे होऊन हाक मारू शकलो असतो. सोपानने 'कागदराव' म्हणून मिठी मारली असती, चहा पाजला असता. ती 'भाऊ' म्हणाली असती. मी हललो नाही.

तो गाडीवर बसला. ती मागे बसली आणि ते पोतं तिने दोघांच्या मध्ये घट्ट दाबून ठेवलं, भांडण मिटलंय असं कोणाला वाटायला नको म्हणून. गाडी निघाली. बाजाराच्या तोंडाशी मोठा खड्डा होता. गाडी उसळली तसा तिने पोत्यावरून हात पुढे घालून त्याचा खांदा धरला.

पुढे रस्ता सपाट होता. तिने हात काढला नाही.